बत्तीस मागितले, चार राबले

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात एक ऑपरेटर बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. समोरच्या मोठ्या पडद्यावर केंद्राच्या सामाईक संगणकाला सगळ्यांनी दिलेली कामं दिसायची, चालू असलेली हिरवी आणि रांगेतली पिवळी. कोणी तक्रार घेऊन आलं की ते आधी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी मला प्रबंधाचे आकडे द्यायचे होते आणि माझं काम सकाळपासून पिवळंच होतं. मी तावातावानं आत गेलो.

"वशिल्याची कामं पुढं सरकतात आणि आम्ही थांबायचं? मी पत्रक काढणार!"

"काढा. प्रिंटर तिकडं हाय."

मग त्यांनी माझ्या मागच्या कामाचा आलेख उघडला. बत्तीस पट्ट्या होत्या. त्यातल्या चार भरलेल्या, बाकी कोऱ्या.

"बत्तीस प्रोसेसर मागितले तुम्ही. राबले चार. बाकीचे दिवसभर नुसते अडवून ठेवले. आज परत बत्तीसच मागितले. एवढे एकदम मोकळे व्हायला लई वेळ लागतो. कशाला मागता?"

"असू द्यावेत म्हणून."

"व्हय. जमीनदारबी असंच म्हणतो."

सहा वर्षं मी जमीनदारांविरुद्ध पत्रकं वाटत होतो. मी गुपचूप माझ्या कामाचा अर्ज बदलून चार लिहिले. चार मोकळे होतेच. दोन मिनिटांत माझी ओळ हिरवी झाली.

निघताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् पत्रक?"

"काढतो."

"लागतील तेवढ्याच प्रती काढा."