तिसरी इमारत

हसनभाई गेले ही बातमी मला ऑफिसच्या जिन्यात कळली, तीही आठ दिवसांनी. टपाल विभागातली एक मुलगी वर चढत होती, मी उतरत होते आणि तिनं सहज बोलता बोलता सांगितलं, की मॅडम, तुमचे ते पनवेलचे सर्व्हेअर वारले ना. मी ‘हो का’ म्हणाले आणि चार पायऱ्या उतरले. मग कुठे निघाले होते तेच आठवेना. रडू आलं नाही. चिडचीड झाली, ती अजून चालूच आहे... माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे आणि हसनभाईंविषयी गोड लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला त्याआधी दुसरंच काही सांगायचं आहे आणि त्यापायी तीन आठवडे मी कागद पुढे ओढते आहे, पुन्हा मागे सारते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी या नव्या शहराच्या जमिनी सांभाळणाऱ्या महामंडळात, नियोजन खात्यात लागले. पुण्यात शिकलेली, हातात ताजी पदवी, तोंडात मोठमोठे शब्द. हसनभाई तेव्हा पन्नाशीला आलेले. रायगडच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव. वडिलांच्या होडीतून त्यांनी खाडी पाहिलेली, मी ती नकाशात निळ्या रंगात पाहिलेली. पहिल्याच पाहणीला मी सँडल घालून गेले आणि घोट्यापर्यंत रुतले. दुसऱ्या खेपेला हसनभाईंनी पिशवीतून बायकोचे गमबूट काढून माझ्यापुढे ठेवले आणि पाठ करून उभे राहिले, मला लाज वाटू नये म्हणून. मला ते ‘बाय’ म्हणत, वरच्या साहेबांसमोरसुद्धा. साहेबांना ते आवडायचं नाही, मला फार आवडायचं.

दिवाळे गावाच्या अलीकडे खाडीला लागून महामंडळाचा एक मोठा भूखंड पडून होता. तिथे कामगारांसाठी परवडणारी घरं बांधायची, हे खूळ आम्हां दोघांच्या डोक्यात एकदमच शिरलं. रबाळ्याच्या कारखान्यांत राबणारी माणसं गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपत होती. एक उठून कामाला गेला की त्याच्याच चटईवर दुसरा आडवा व्हायचा. इकडे चकचकीत सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि त्या उभारणाऱ्यांना, त्यात वीज-पाणी आणणाऱ्यांना तिथे शिरायलाही चौकीदाराची परवानगी लागत होती. हसनभाई साहेबांकडे खेटे घालायचे. जमीन लोकांच्या नावानं घेतली आहे, तर थोडी तरी लोकांना द्या, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं. शेवटी साहेब कंटाळून हो म्हणाले. तीन इमारतींचा आराखडा मी काढला. कामगारांतला रामचंद्र म्हणून एक फिटर होता, तो बायकोला घेऊन आला. ती बाई तिसऱ्या इमारतीच्या नकाशावर बोट ठेवून मला विचारत राहिली, की मोरीला खिडकी आहे ना? आहे म्हटल्यावरही तिनं बोट उचललं नाही, तिथेच ठेवून बसली.

आणि मग घाई सुरू झाली. महिनाअखेरीपर्यंत ज्या जागेचा प्रस्ताव पूर्ण नाही, ती निविदेला काढायची, असं वरून ठरलं. आमच्या फायलीत जागेच्या सध्याच्या वापराचा अहवाल तेवढा राहिला होता. श्रावण चालू होता. मी हसनभाईंना म्हटलं, उद्याच जाऊन या. ते जरा घुटमळले.

“बाय, दिवाली होऊ दे. पावसात खाडीकाठ बगून काय कलनार?”

मी भडकले. दिवाळीपर्यंत तिथे बिल्डरची पाटी लागेल, म्हणाले. तुम्हांला घरं हवीत की नकोत, असंही म्हणाले, आणि हे वाक्य मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी ते जाऊन आले. जागेवर कमरेएवढं गवत होतं, माणूस नव्हता, काठी नव्हती. अहवालात त्यांनी लिहिलं : सध्याचा वापर – काही नाही. प्रस्ताव मंजूर झाला, आम्ही ऑफिसात पेढे वाटले.

दिवाळीनंतर आखणीच्या खुंट्या ठोकायला आम्ही गेलो, तर जागा ओळखू येईना. गवत कापलेलं, ओळीनं बांबू उभे, त्यांवर बोंबील लटकलेले. खाली जवळा पसरलेला आणि त्यावर दहा-बारा बायका वाकलेल्या. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, मासळी सुकवायचा प्रश्नच नसतो, बांबूसुद्धा काढून घरात ठेवतात, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. हसनभाईंना होतं. जनाबाई नावाची एक वयस्क कोळीण उठून सरळ त्यांच्याकडे आली. आवाज चढवला नाही तिनं.

“सायब, पावसात मासली कोन सुकवतं? चार म्हयने आमी नसतो, म्हनून जागा आमची नाय?”

ती माझ्याकडे बघत नव्हती. खुंट्यांची पिशवी हसनभाईंच्या खांद्यावर होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि तिला एवढंच सांगितलं, की चूक झाली. कोणाची, ते सांगितलं नाही. परतताना जीपमध्ये मी बडबडत होते... वाद आहे असं कागदावर आलं की अख्खी योजना बुडेल, साहेबांना निमित्तच हवंय, बायकांना दुसरीकडे जागा देता येईल.

दुसऱ्या दिवशी हसनभाईंनी फायलीत स्वतःच्या हातानं टिपणी लिहिली : पाहणी चुकीच्या हंगामात केली, हा दोष माझा. काठाकडची जागा मासळी सुकवण्यासाठी वापरात आहे, ती सोडून बांधकाम करावं. फाईल माझ्या टेबलावरून वर गेली. मी ती टिपणी वाचली. एका ओळीचं काम होतं. पाहणी माझ्या हट्टामुळे श्रावणात झाली, एवढं लिहायचं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी सही केली आणि फाईल पुढे सरकवली. भ्याले. याला दुसरा शब्द मी खूप शोधला, मिळाला नाही.

दोन इमारती झाल्या. आजही त्यांच्या गॅलऱ्यांत कामगारांचे कपडे वाळतात आणि पलीकडे बोंबील. काठाकडची तिसरी रद्द झाली. तिच्या यादीत नाव असलेला रामचंद्र एके दिवशी ऑफिसच्या दारात हसनभाईंपुढे उभा राहिला. मी शेजारीच होते. “भाई, तुमी आपले म्हनून विश्वास ठेवला,” एवढंच तो बोलला आणि गेला. पुढे तो कळंबोलीच्या पलीकडे कुठेतरी राहायला गेल्याचं कानावर आलं. हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला आणि सर्व्हे काढून घेऊन रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. मला बढती मिळाली. निवृत्त होईपर्यंत ते त्या खोलीत होते आणि मी फाईल हवी असली की शिपायाला पाठवत होते. जिन्यात गाठ पडली की ते पूर्वीसारखंच ‘बाय, बरी हायस ना?’ विचारत. त्याचाच मला राग यायचा.

परवा मी पहिल्यांदा स्वतः रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथल्या नव्या कारकुनाला फाईल मागितली. त्यानं ती हातात देताना हसनभाईंचं फार कौतुक केलं. फाईल बंद करताना ते म्हणे प्रत्येक कोऱ्या कागदावर लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारत, मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून. त्यानं चार-पाच फायली उघडून दाखवल्या. सगळीकडे त्या रेघा, पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. मग मी आमची उघडली. त्यांची टिपणी, तिच्याखाली माझी सही, शेवटी साहेबांचे शेरे. त्यापुढचा एक कागद कोरा होता. त्यावर रेघ नव्हती.

विसरले असतील. शेवटी डोळ्यांनी कमी दिसत होतं त्यांना, असं कारकुनाच्याही ऐकण्यात होतं... पण इतक्या फायलींत विसरले नाहीत आणि हिच्यात विसरले? मी तिथेच स्टुलावर बसले आणि त्याच्याकडे पेन मागितलं.

“मॅडम, बंद फाईल आहे. आता लिहून वाचणार कोण?”

मी लिहिलं, की पाहणी दिवाळीनंतर करावी असं सर्व्हेअरनं सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही, चूक माझी आहे. सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. ड्रॉवरमध्ये लाल पेन्सिलीचा तुकडा होता. उरलेल्या कोऱ्या जागेवर मी रेघ मारली. ती वाकडी आली.