सरांच्या मांडवातली चूक

“कुणाला उघड हाय?”

शेवटच्या बाकावरून हा प्रश्न आला की फळ्यापुढे उभ्या असलेल्या पोराचा हात जागच्या जागी थांबायचा. बिचाऱ्याने ‘हे उघड आहे’ असं लिहून पुढची ओळ सुरू केलेली असायची. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, त्याचा काय दोष? पण आमच्या सरांना ते शब्द दिसले की भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. “मला न्हाय उघड. ह्या पहिल्या बाकाला न्हाय. मग कुणाला हाय? सांग की.” पोरगा फळा पुसून पुन्हा मागच्या ओळीवर यायचा.

असा एखादा मास्तर तुमच्याही वाट्याला आला असेल. आमचे सर कोऱ्हाळे बुद्रुकचे. बारामतीच्या कॉलेजात गणित शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण बोलणं शेवटपर्यंत कोऱ्हाळ्याचंच राहिलं. मी त्याच विभागात त्यांच्यापेक्षा बरीच लहान. अभ्यासक्रम वेळेत संपवणं हे माझं व्यसन, आणि तो कधीच न संपवणं हे त्यांचं. त्यामुळे आमचं छान जमायचं, म्हणजे रोज भांडण व्हायचं.

शनिवारी शेवटच्या वर्षाचा सेमिनार असे. त्यात सर शिकवत नसत. ते शेवटच्या बाकावर पाय वर घेऊन बसत आणि मुलं शिकवत. हातात कागद घ्यायचा नाही. न कळलेलं कळलं म्हणायचं नाही. आणि फळ्यापुढचा अडला तर त्याला कुणी सुचवायचं नाही, सगळ्यांनी वाट पाहायची. हे शेवटचं फार अवघड. एकदा एक मुलगा अर्धा तास नुसता फळ्याकडे बघत उभा होता आणि सर खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा आवाज न करता सोलत होते. शेजारी बसलेल्या मला राहवेना. मी हळूच म्हटलं, “सर, पोर्शन राहिलाय.”

“पोर्शन काय पळून चाललाय व्हय? त्याच्या डोस्क्यात काय तरी शिजतंय, बघा की.”

खरंच शिजलं. तास संपता संपता त्याने एकदम कपाळावर हात मारून घेतला आणि धडाधड लिहीत सुटला. सरांनी माझ्यापुढे मूठभर दाणे धरले. मी रागातच खाल्ले.

समीर हा वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बोलका. त्याच्या वडिलांचं स्टँडजवळ गाड्यांच्या स्पेअरपार्टचं दुकान. तो एक लांबलचक सिद्धता घडाघडा म्हणायला लागला, तेव्हा सरांनी त्याला मध्येच थांबवून तिसऱ्या पायरीपासून सांगायला लावलं. झालं, गाडी अडली. आरती मधूनच म्हणायला सांगितल्यावर होतं तसं. “सर, पहिल्यापासून धरावं लागंल,” समीर म्हणाला.

“मग तुला न्हाय येत गड्या. तुझ्या जिभेला येतंय.”

समीर इतका हसला की बाकीच्यांचीही भीती गेली. सरांच्या बोलण्याने कुणाला लागलेलं मी कधी पाहिलं नाही. हे मला अजून साधलेलं नाही.

जी मुलं फळ्यापुढे यायलाच घाबरत, त्यांच्यासाठी सरांनी एक सोपं प्रमेय राखून ठेवलं होतं. ते त्यांनी स्वतःच लग्नाच्या मांडवात बसवलं होतं. मांडवात शंभर माणसं असली, तर त्यांत दोघं तरी अशी निघतातच की ज्यांच्या ओळखींची संख्या सारखी. कसं? माणसाला कमीत कमी एक ओळख, जास्तीत जास्त स्वतःला सोडून नव्व्याण्णव. म्हणजे आकडे नव्व्याण्णव आणि माणसं शंभर. दोघांचा आकडा सारखा आलाच पाहिजे. एवढ्या चार ओळी सांगून पोरगं फळ्यावरून उतरायचं ते छाती पुढे काढूनच. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

त्या वर्षी कोमल आली. ती निरवांगीची. पहिली दोन वर्षं तिने दुसऱ्या कॉलेजात केली, पण तिथे शेवटच्या वर्षाला गणित नव्हतं म्हणून ती आमच्याकडे आली. बाकीची मुलं अकरावीपासूनची एकमेकांची, त्यांचे कट्टे ठरलेले, डब्यांच्या जोड्या ठरलेल्या. ही एसटीने यायची, भिंतीकडेला बसायची आणि एसटीने जायची. दिवाळीनंतर एक दिवस ती माझ्याकडे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर सही मागायला आली.

“भाऊ एमआयडीसीत जातोय मॅडम, डेअरीत. तितं मलाबी लावतो म्हणतोय.”

“गणित जड जातंय का?”

“गणित न्हाय जड जात.” मग खाली बघून म्हणाली, “दिवसभर तोंड उघडलं न्हाय तरी हितं कुणाला कळत न्हाय मॅडम. घरी जाऊन आईशी बोलल्यावर मला माझाच आवाज येगळा वाटतो.”

मी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “सही करा. जाणाऱ्याला अडवू ने. पण शनिवारी एकदा फळ्यापुढं उभी ऱ्हा म्हणावं, मग जा.” आणि तिला ते मांडवाचं प्रमेय दिलं.

शनिवारी कोमल उभी राहिली. शंभर माणसं लिहिली. ओळख म्हणजे दोघांनी एकमेकांना ओळखणं, हे सांगितलं. ‘प्रत्येकाची कमीत कमी एक ओळख’ इथे आली आणि थांबली. वर्ग वाट पाहू लागला. मी शेवटच्या बाकावर सरांशेजारी होते. इतकं सोपं अडलं म्हणून मला तिची कणव आली. सरही चुळबुळ करायला लागले, आणि जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी सुचवलं.

“अगं, एक तरी वळख असणारच की. त्याबिगर मांडवात येतंय कोण? उघड हाय!”

ते बोलले, आणि स्वतःच्याच तोंडातून काय निघालं हे कळून तोंड उघडं ठेवून बसले. वर्गात खसखस पिकली. कोमल मात्र हसली नाही.

“मला न्हाय पटत सर. येक बी वळख नसंल एखाद्याची.”

“बिनवळखीचा लग्नाला कोण जातंय?” समीर म्हणाला.

“हितंच बघा की. मी जूनपासनं ह्या वर्गात बसते. माझ्या किती वळखी?”

सर उठले आणि फळ्यापर्यंत गेले. सेमिनारमध्ये ते कधी फळ्याजवळ जात नसत. त्यांनी ती ओळ अगदी जवळून वाचली.

“चुकलं की रं माझं,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. “आमच्या गावात बिनवळखीचा माणूसच न्हवता, म्हणून डोस्क्यातच आलं न्हाय. आता? मांडव मोडायचा का दुरुस्त करायचा?”

मग वर्ग तुटून पडला. आरडाओरडा सुरू झाला. शेवटी समीरच उभा राहिला. “सर, हिला कुणीच वळखत नसंल, तर सगळ्यांना वळखणारा असा कुणी ऱ्हात न्हाय. त्याची ही एक तरी सुटतीच!”

“ही म्हंजे कोण? नाव सांग.”

समीरला नाव माहीत नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

“कोमल,” कोमलच म्हणाली. आणि खडू घेऊन तिने पुढचं लिहून टाकलं. मग आकडे शून्यापासून अठ्ठ्याण्णवपर्यंत. म्हणजे पुन्हा नव्व्याण्णवच. मांडव शाबूत.

तास संपला तरी सरांना धीर निघेना. त्यांनी कोमलला बरोबर घेतलं आणि कॉलेजभर फिरवलं. आधी स्टाफरूम, मग लायब्ररी, कँटीन, प्रयोगशाळा आणि थेट प्राचार्यांची केबिन. जो दिसेल त्याला थांबवून म्हणत होते, “ही कोमल. निरवांगीची. हिनं माझी चूक काढली.” मागून आमचा अख्खा वर्ग. कँटीनवाल्याला कसली चूक ते कळलं नाही, पण त्याने तिला चहा दिला.

सोमवारी ती माझ्याकडे आली. मी सही केलेला अर्ज काढून ठेवला होता.

“ऱ्हाऊ द्या मॅडम,” ती म्हणाली. “आज गेटातनं आत येताना वॉचमनमामा म्हणले, कोमल, आज एसटी लेट व्हती का. आता आशी कशी जाऊ?”

कोमल पदवी घेऊन पुढे शिकायला गेली. सर निवृत्त होऊन कोऱ्हाळ्याला उसात रमलेत. सेमिनार आता मी चालवते आणि पोर्शन अजिबात पूर्ण होत नाही. शेवटच्या बाकावर बसले की शेजारची जागा मला फार रिकामी वाटते.

पण त्या सोमवारी मी धावत जाऊन सरांना कोमलचं ते वॉचमनचं सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“वॉचमनला तर मी सांगितलंच न्हवतं,” ते म्हणाले.