‘सोबत’ उभी करणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई करंदीकर यांची आणि माझी पहिली भेट कुवेतच्या बनेद अल-गार भागातल्या संगणक-दुरुस्तीच्या एका दुकानात झाली. मी तिथे नोकरीला होतो. त्यांच्या संगणकातला बिघाड सापडेना, म्हणून मी स्वतःशीच मराठीत पुटपुटलो. त्या म्हणाल्या, “रत्नागिरीकडचे दिसता. वैतागू नका, मी थांबते.” मोठ्या कंपनीत प्रोग्रामिंग विभाग सांभाळणाऱ्या बाई स्टुलावर अर्धा तास बसून राहिल्या आणि नंतर मी नेमके काय केले ते त्यांनी वहीत लिहून घेतले.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. हेमांगी नावाची आमच्या ओळखीची परिचारिका सांगायची, की प्रवास करण्याइतपत बरे झालेले रुग्ण केवळ सोबत मिळत नाही म्हणून गावी जाऊ शकत नाहीत. त्याच विमानाने जाणारी माणसे कुवेतमध्येच असतात, पण कोणाला कोणाची खबर नसते. यावर वसुधाताईंनी वेबसाइट करायचे ठरवले. त्या, हेमांगी, बँकेतला संदीप आणि मी असे चौघे शुक्रवारी सकाळी त्यांच्या रिग्गईच्या घरी जमू लागलो. नाव ठरले ‘सोबत’. जाणाऱ्याने प्रवासाची नोंद करायची, गरजूने आपली.

आमचा पहिलाच वाद मोठा झाला. प्रत्येक नोंद आपण तपासूनच दिसू द्यावी, असा माझा हट्ट होता. वसुधाताईंचे म्हणणे वेगळे होते. “चूक ज्याला दिसेल त्याने सुधारावी, यासीनभाई. जुना मजकूर आपण जपून ठेवू. पण दारात पहारेकरी नको.” मी ते मान्य केले, पटले मात्र नव्हते.

रमजान आला, माझे रोजे सुरू झाले, तेव्हा त्यांच्या घरच्या बैठकीतला चहा बंद झाला. माझी हरकत नाही, असे मी सांगितले. “आमची आहे,” एवढेच बोलून त्यांनी कपबशा आत नेल्या.

उद्घाटनाचा दिवस ठरला, निमंत्रणे गेली. आदल्या आठवड्यात वसुधाताईंनी सुलैबियात सुतारकाम करणाऱ्या तांब्यांना बोलावून संगणकासमोर बसवले. इंग्रजी रकाने बघून ते घामाघूम झाले. “ताई, माझा हात नाय बसत यावर. आमचं काम लाकडाचं.”

“हात ठीक आहे तुमचा. फॉर्म आमचा चुकलाय,” वसुधाताई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे त्यांनी उद्घाटन पुढे ढकलले. मी चिडलो. सगळ्या मित्रांना मी सांगून बसलो होतो! त्यांनी मला एका शब्दानेही दुखावले नाही. प्रत्येक निमंत्रिताला स्वतः फोन करून, “आमची तयारी कमी पडली,” असे सांगितले.

तेव्हा अनेक संगणकांवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन उमटत. आम्ही प्रत्येक मराठी शब्दाचे चित्र करून पानावर बसवले. टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायची सोय केली. तांब्यांनी एकदाही न विचारता नोंद पूर्ण केली, त्यानंतरच ‘सोबत’ सुरू झाली.

दुसऱ्याच आठवड्यात अर्धांगवायूतून सावरणाऱ्या एका गवंड्यासाठी हेमांगीने नोंद केली. श्रीवर्धनच्या एका कापड व्यापाऱ्याने सोबतीची तयारी दाखवली, पण विमानाचा वार चुकीचा लिहिला. त्या दिवशी आम्ही चौघेही आपापल्या कामावर होतो. त्याच विमानाने निघालेल्या कोणा अनोळखी माणसाने बुधवारचा गुरुवार केला. तिकीट काढायला निघालेल्या नातेवाइकांना तो बदल वेळेत दिसला. माझ्या पद्धतीने ती दुरुस्ती आमच्या मंजुरीची वाट पाहत पडली असती.

गवंडी सुखरूप घरी पोचल्याचा फोन आला, तेव्हा मी वसुधाताईंकडे चूक कबूल केली. त्या हसल्या. “मग मदतीचं पान तुम्हीच लिहा. चूक कशी सुधारायची, ते तुम्हाला आता नीट सांगता येईल.” ते पान मी अभिमानाने लिहिले.

आज वसुधाताई साठ वर्षांच्या होत आहेत. नोकरीतून मोकळ्या होऊन त्या पुण्याला परतल्या, पण आम्हा तिघांनाही त्या दर महिन्याला फोन करतात आणि नवे काय शिकलात म्हणून विचारतात. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांच्या उत्साहाच्या बरोबरीने चालोत. आणि माझे उत्तर असमाधानकारक वाटले, तर तसे स्पष्ट सांगणारा त्यांचा फोन मला आणखी पुष्कळ वर्षे येत राहो.