पंधरा इंचांचा रोहू आणि माझी रेष

एका रविवारी माझ्या नवऱ्याने सकाळपासून दुपारपर्यंत एकोणतीस मासे मोजले आणि एकोणतीसच्या एकोणतीस परत पाण्यात सोडले. चूक त्यांची नव्हती. माझी होती.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. आम्ही मरोळला चाळीत राहायचो. ह्यांची गिरणी संपात गेली आणि हे आठ महिने घरी बसले. घरी बसलेला पुरुष काय करतो ते ज्याच्या घरी बसलाय त्यालाच ठाऊक! माझे डबे उंचीप्रमाणे लावले. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. मी ब्लाऊज शिवायला बसले की शेजारी बसून टाके वाकडे पडतात म्हणून सांगायला लागले. मी देवाला नवस बोलले तो नोकरीसाठी नव्हता, हा माणूस सकाळी घराबाहेर पडावा एवढ्यासाठी होता.

नोकरी मिळाली ती भलतीच. मरोळच्या पुढे तलाव आहे, तिथे हौशी लोकांचा गळ टाकायचा क्लब होता. त्यांना मासे मोजायला माणूस पाहिजे होता. नियम असा, की एका माणसाने दिवसाला दोनच मासे न्यायचे, आणि रोहू, कटला पंधरा इंचांपेक्षा लहान असला तर परत पाण्यात सोडायचा. लहान मासे वाढले पाहिजेत, अंडी घातली पाहिजेत, नाहीतर तलाव रिकामा होईल. हे मला पटायला वेळ लागला. आम्ही मालवणकडची माणसं. आमच्याकडे कोणी माशाला वय विचारत नाही. आणि खरं सांगायचं तर तळ्यातल्या माशाला आम्ही मासाच म्हणत नाही. काटे घातलेला चिखल तो.

पण त्या लोकांची हौस बघण्यासारखी! गळाला लावायचं पीठ तुपात मळायचे, वर बडीशेप, वेलची. (आमच्या चाळीत बारशाला एवढं घालत नसत.) दिवसभर उन्हात बसून एक मासा धरायचा, मोजायचा, सोडायचा, आणि घरी जाताना बाजारातून पापलेट घ्यायचं.

नोकरी सहा महिन्यांची कच्ची होती. वर्षाची मोठी स्पर्धा झाली की कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. क्लबचे सेक्रेटरी कर्णिकसाहेब, बँकेतून रिटायर झालेले, बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी ह्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की मोजताना कोणाची भीड ठेवायची नाही, माझीसुद्धा नाही. हे वाक्य ह्यांच्या डोक्यात गेलं ते बाहेर आलंच नाही. बाजारात कोळणीच्या टोपलीतलं पापलेट उचलून म्हणाले, हे लहान आहे, हे सोडायला पाहिजे होतं. कोळीण म्हणाली, सोड बाबा तू, जाईल पोहत मरोळ नाक्यावरून. घरी मी बांगडे तळले तर दोन खाल्ले आणि तिसरा बाजूला सारला. दोनची मर्यादा संपली म्हणे. तिसरा मी खाल्ला. मला काही नियम नव्हता.

आता त्या फळीकडे येते. मापाची म्हणून एक लाकडी फळी होती. एका टोकाला पट्टी ठोकलेली, तिला माशाचं तोंड टेकवायचं. पंधरा इंचांवर लाल रेष. शेपटी रेषेला पोचली तर मासा पास, नाही पोचली तर पाण्यात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे ती फळी घरी घेऊन आले, कारण टोकाची पट्टी हलायला लागली होती. खिळे ठोकले, फळी मोरीत उभी केली आणि खाकी पँट आणायला धोब्याकडे गेले.

फळीला वास काय यायचा म्हणून सांगू! सहा महिन्यांचे मासे लोळले होते तिच्यावर. दोन मांजरं उंबऱ्यावर येऊन बसली आणि उठेनात. मी म्हटलं, उद्या एवढी मोठमोठी माणसं येणार, आपल्या माणसाची फळी स्वच्छ पाहिजे. राख घेतली, सोडा घेतला, काथ्या घेतला आणि घासली. अशी घासली, की फळी नवरीसारखी उजळ झाली. आणि रेष गेली.

घाबरायचं काय त्यात? माझ्या गळ्यात कायम मापाची टेप. पंधरा इंच म्हणजे तर माझ्या हाताला पाठ झालेलं माप, निम्म्या चाळीच्या ब्लाऊजची उंची तेवढीच. टेप लावली, खडूने खूण केली, शेजारच्या शैलाची लाल नेलपॉलिश मागून आणली आणि रेष ओढली. पहिल्या रेषेपेक्षा सरळ आली. हे आले, फळी बघून खूश झाले. रेषेबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. वीस वर्षांच्या संसारात मी एक शिकले होते. नवरा खूश असला की विषय वाढवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन तलावावर गेले. वाटलं होतं जत्रा असेल. बघते तर मयताला जमल्यासारखी माणसं. टोप्या घातलेले मोठमोठे लोक गळ टाकून गप्प बसलेले. एका टेबलावर चांदीचा कप आणि शेजारी माशांसाठी ठेवलेला बर्फ वितळत होता. बर्फावर काहीच नव्हतं. आणि फळीपाशी आमचे हे, छाती पुढे काढून उभे. यमाच्या दरबारातला कारकून तरी जरा वाकून उभा राहत असेल.

मला बघून खालच्या आवाजात म्हणाले, "सकाळधरना एकव मासो पास झालो नाय. एकोणतीस परत सोडलंय. कोणाची भीड ठेवूक नाय."

आवाजात अभिमान होता. लोक मात्र रागाने लाल झाले होते. एक जण म्हणाला, मी पंधरा वर्षं इथे मासे धरतोय, माझा सोळा इंचांचा रोहू ह्या माणसाने नापास केला. दुसरा म्हणाला, ह्याला हाकला. आमच्या ह्यांच्यावर काही परिणाम नव्हता. नियम तो नियम.

मी डबा ठेवला आणि सहज फळीवर हात ठेवला. शिवणाऱ्या बाईचा हात सहज ठेवला तरी मोजतो. माझी वीत बरोबर आठ इंच. दोन विती टाकल्या तर सोळा इंच होतात, म्हणजे रेष ओलांडून पुढे जायला पाहिजे. मी दोन विती टाकल्या. रेष अजून पुढेच होती.

काय झालं ते मला लख्ख समजलं. ब्लाऊजची उंची पंधरा असली तर आम्ही कापडावर सतरावर खूण करतो. दोन इंच माया ठेवावी लागते, खाली दुमडायला, वर खांद्याला जोडायला. वीस वर्षं हात तेच करत आला होता. डोक्याला विचारलंच नाही त्याने. मी माशाला माया ठेवली होती!

आता बोलावं तर नोकरी जाते. न बोलावं तरी जाते, कारण लोक ह्यांना तळ्यात बुडवायच्या बेतात होते. आणि नोकरी गेली म्हणजे हा माणूस उद्यापासून पुन्हा माझे डबे उंचीप्रमाणे लावणार. मी विचार करतेय तोवर काठावर गलका झाला. कर्णिकसाहेबांच्या गळाला मासा लागला होता.

अकरा वर्षं ते स्पर्धेत बसत होते आणि अकरा वर्षं कप दुसऱ्याला देत होते. आज दोन्ही हातांत रोहू धरून, चष्मा नाकावर घसरलेला, ते फळीपाशी आले. सोळा इंचांचा तरी होता. मी डोळ्यांनीच मोजला. ह्यांनी मासा फळीवर ठेवला, तोंड पट्टीला टेकवलं, शेपटी सरळ केली आणि वाकून बघितलं.

"ओ, जरा थांबा," मी म्हटलं. "आधी ती रेष बघा."

"कामात मधी बोलू नको," हे म्हणाले. मग साहेबांकडे वळून, "कमी भरता, साहेब." आणि मासा पाण्यात!

कर्णिकसाहेब पाण्याकडे बघत राहिले. मासा गेला तिथे जरा बुडबुडे आले, तेही बंद झाले. मग मीच बोलले. मला हळू बोलता येत नाही, त्यामुळे पलीकडच्या काठालाही ऐकू गेलं असणार.

"मासा बरोबर होता साहेब. रेष चुकलीय. ती मी काढलीय. दोन इंच जास्त आहे."

साहेबांनी चष्मा वर केला. "दोन इंच जास्त का?"

"शिवणीला माया ठेवतात. पुढेमागे उसवून मोठं करता येतं."

ते शांतपणे म्हणाले, "बाई, मासा उसवायचा होता का?"

मी गळ्यातली टेप काढून दिली. लावून बघितली. रेष बरोबर सतरावर. त्यानंतर जो गोंधळ झाला! सकाळपासून सोडलेला प्रत्येक मासा आता साडेसोळा इंचांचा होता. अर्ध्या तासात त्यातले काही सतराला टेकले. हातातून सुटून पाण्यात गेलेला मासा जितक्या लवकर वाढतो तितका पाण्यात राहिलेला वाढत नाही. मी खडूने नवी रेष मारून दिली. कर्णिकसाहेबांनी ती टेपने तीनदा तपासली. उरलेल्या दोन तासांत पुन्हा गळ पडले, पण मासेही शहाणे झाले होते, नाहीतर तुपातलं पीठ खाऊन सुस्त पडले असतील. शेवटी एका नवख्या माणसाला साडेपंधरा इंचांचा कटला मिळाला आणि कप तो घेऊन गेला. कर्णिकसाहेबांनी तो बाराव्या वर्षीही दुसऱ्याच्या हातात दिला.

संध्याकाळी कमिटी बसली. आम्ही दोघं बाहेर बाकावर. हे माझ्याशी बोलत नव्हते. डबाही उघडला नव्हता. मी दोनदा म्हटलं, जेवा. एकदा म्हटलं, चुकलं माझं. (हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळे त्यांना ते कळलं नसावं.)

दार उघडून कर्णिकसाहेब बाहेर आले. हे ताडकन उठले, हात जोडून. साहेब म्हणाले, "परब, माझा मासा सोडताना तुमचा हात जरासुद्धा थरथरला नाही. असा माणूस मला परत कुठे मिळणार? उद्यापासून तुम्ही कायम." आणि मग माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटत आत गेले.

पुढच्या आठवड्यात गेटवरच्या नियमांच्या पाटीवर सगळ्यात खाली एक नवीन ओळ रंगवली. इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी चौथी. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, क्लबने तुझे आभार मानलेत, खरं बोललीस म्हणून. मी चांगली साडी नेसून गेले, त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिले आणि एका मेंबरकडून फोटो काढून घेतला. तो माणूस फोटो काढताना हसत होता. मला वाटलं, स्वभावाने चांगला आहे.

फोटो चौकट करून भिंतीवर लावला. येईल त्याला दाखवला. चार वर्षं दाखवला! मग शाळेतल्या एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला आल्या. हात वर करून उभ्या होत्या, समोर फोटो. वाचता वाचता त्यांचं पोट हलायला लागलं आणि माझी टेप घसरली. ओळ अशी होती, की कर्मचाऱ्यांच्या बायकांनी मापाच्या फळीला हात लावू नये.

हे कामावरून आल्यावर मी जाब विचारला. बूट काढता काढता म्हणाले, "खरा सांगितला असता तर फोटोत अशी हसली असतंस?"

फोटो मी भिंतीवरून काढला नाही. चौकट चांगली आहे, आणि तेवढा एकच फोटो माझा चांगला आलाय. फक्त इंग्रजी वाचणारं कोणी घरी आलं, की त्यावर टॉवेल टाकते. आता नातवंडं सगळी इंग्रजी शाळेत. टॉवेल काढायची वेळच येत नाही.