वेळ वाढवून देणारी

“मॅडम, पिन मी टाकलेला नाही. हिनंही टाकलेला नाही. मग आमच्या घरातलं कन्सोल रोज बंद कोण करतंय?”

बोराडे माझ्या काउंटरवर कन्सोल ठेवून उभे होते. शेजारी त्यांची बायको सुनीता. छावणी भागात माझं गेम कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक अर्धवट सांगतं आणि वर माझ्यावरच चिडतं, त्यामुळं माझंही डोकं लवकर फिरतं. म्हटलं, “आधी पहिल्यापासून सांगा.”

झालं होतं असं. त्यांनी मुलासाठी, वेदांतसाठी, जुनं कन्सोल घेतलं. संध्याकाळी तासभर खेळून झालं की ते आपोआप बंद व्हायचं. सुनीताला वाटलं, नवऱ्यानं लावलंय. नवऱ्याला वाटलं, बायकोनं. पोरगं अभ्यासाला बसत होतं, म्हणून दोघंही खूश. कुणी कुणाला विचारलंच नाही. रविवारी पाहुण्यांची पोरं आली तेव्हा बोराडे म्हणाले, “आज जरा वेळ वाढव की.” ती म्हणाली, “मी? पिन तर तुमच्याकडं आहे!”

“धन्य आहात दोघंही,” मी म्हटलं आणि कन्सोल टीव्हीला जोडलं.

आत पॅरेंटल कंट्रोल लावलेला होता, म्हणजे मोठ्यांच्या खात्यातून मुलाच्या खात्याला घातलेला लगाम. पालक कुठंही असो, मूल किती खेळलं ते त्याला मोबाईलवर दिसतं. तिथूनच खेळ बंद करता येतो, वेळ वाढवूनही देता येतो. इथं मुलाच्या खात्याचं नाव होतं ‘चिनू’. पालकाचं नाव नुसतंच ‘आई’.

“आमच्यात चिनू कुणीच नाय,” सुनीता म्हणाली.

वेदांतनं समोर दिसलं ते नाव दाबलं होतं. अजून वेळ मागायचं एक बटण असतं, तेही तो दाबायचा.

“अगं बाई!” सुनीताला एकदम आठवलं. “तो मला म्हणायचा, आई, काल वेळ वाढवून दिलास, थँक यू. मला वाटायचं, लाडात येतोय.”

मी ते बटण दाबून पाहिलं. भरदुपार होती, दुकानात आम्ही तिघंच. थोड्या वेळानं स्क्रीनवर आलं: आईनं पंधरा मिनिटं दिली.

सुनीता एकदम मागं सरली. “वेदांत आत्ता शाळेत आहे. ही कुणाला देतेय? आमच्या घरात बघती का काय ही?”

“नाही. खेळ आणि वेळ, एवढंच दिसतं तिला.”

“एवढं लई झालं! माझं पोरगं कोण सांभाळतंय, ते मलाच ठाऊक नाय?”

ज्याच्याकडून कन्सोल घेतलं त्याला बोराडेंनी फोन लावला, स्पीकरवर. चिनू कोण, ते विचारलं.

“माझा भाचा,” तो म्हणाला. “आजारात गेला. बहीण सोयगावला असती. कन्सोल विकल्याचं सांगितलंय हो तिला. तरी संध्याकाळ झाली की मोबाईल घेऊन बसती. चिनू खेळतोय, असं येतं ना त्याच्यावर.”

मी हातातला रिमोट खाली ठेवला. पण दुसऱ्याच्या पोराचा लगाम परक्या माणसाच्या हातात ठेवता येत नाही, हेही खरं. सुनीतानं स्क्रीनवरच्या ‘आई’वर बोट ठेवलं. मग म्हणाली, “काढा.”

मी फॅक्टरी रीसेट मारला, म्हणजे सगळं पुसून कोरं केलं. वेदांतचं नवं खातं काढलं, पालक म्हणून सुनीता. नवा पिन तिनं माझ्याकडं पाठ फिरवून टाकला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बारीक झालेला. “मॅडम, सोयगावच्या त्या ताईंचा फोन आला होता. भावाकडून नंबर घेतला म्हणे.”

“भांडल्या का?”

“नाय हो. एवढंच विचारलं, ‘काल खेळला नाही का तो? बरं नाही का त्याला?’”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“म्हटलं, बरा आहे. खेळला, जेवला, झोपला.” मग तिनंच विचारलं, “आता रोज विचारतील का हो?”



जुनं कन्सोल घ्याल तर घरी नेण्याआधीच रीसेट करून घ्या. पोरगं खेळायला बसल्यावर फार उशीर झालेला असतो.