गार्नेट लेस्टर साक्ष द्यायला उभी राहिली

गार्नेट लेस्टरला टर्की फोर्कच्या खोऱ्यात सगळे तापट म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. कोळसा कंपनीचा एक मोजणीवाला न विचारता तिच्या बटाट्यांत शिरला, तेव्हा तिने त्याची टोपी काढून ओढ्यात फेकली होती. गॅस पंपावरच्या दुकानात ती उजाडायच्या आधीपासून पावासारखी मऊ बिस्किटं भाजायची. खाणीवर जाणारे पुरुष तिच्या हातची बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही खाऊन पाळीवर जात, आणि कुणी मीठ कमी पडलं म्हणालाच तर त्याला ऐकायला लागे, "मग बायकोला उठव की लवकर."

अशी बाई एकटी पडेल असं कुणाला वाटणार? पण ती एकटीच होती. तिचा एमरी गेल्यापासून होती.

एमरी तिचा पहिला मुलगा. शाळेत घालायचं म्हणून पाचव्या वर्षी त्याला लशी टोचल्या, त्याच आठवड्यात त्याला पहिली फिट आली आणि पुढच्या वसंतात तो गेला. शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने तिला समोर बसवून समजावलं होतं की याचा सुईशी संबंध नाही, हा दोष जन्माचाच, आईकडून आलेला, आज ना उद्या वर येणारच होता. डॉक्टर चांगला माणूस होता, आवाज चढवून बोलला नाही. पण "आईकडून" या शब्दापुढचं गार्नेटने काही ऐकलंच नाही. सुईचा दोष नाही, तर मग दोष माझा. त्यापेक्षा सुईचा बरा. सुईचा राग तरी करता येतो.

आणि सुई टोचणारी काही परकी नव्हती. वॉनेटा स्टेप, आरोग्य केंद्रातली नर्स, त्यांच्याच चर्चमधली, गार्नेटच्या पुढच्या बाकावर बसणारी. त्या दिवसापासून गार्नेटने मागचं बाक धरलं.

आता धाकटी टेसी शाळेच्या वयाची झाली होती. तिची रक्ततपासणी झाली होती, तिच्यात तो दोष नव्हता. हे गार्नेटला ठाऊक होतं आणि ठाऊक असून उपयोग नव्हता. लशी टोचल्याशिवाय शाळा घेत नव्हती. त्या साली मात्र राज्याच्या राजधानीतून नवीन वाट निघाली होती: तुमचा धर्म आड येत असेल तर तसं लिहून द्या, लस माफ. एका आठवड्यात वाट उघडी, दुसऱ्या आठवड्यात कोर्टात बंद, तिसऱ्यात पुन्हा उघडी. वर बसणाऱ्यांचा खेळ होतो, आणि खाली पोरांची दप्तरं खुंटीला लटकत राहतात.

जिल्ह्याच्या गावातून केंड्रा मेडोज आली ती याच कामाला. पांढरी मोठी गाडी, हातात थंड कॉफी, आणि बोलणं असं की सख्खी बहीणच. लस नको म्हणणाऱ्या आयांचा एक गट तिने बांधला होता. गार्नेटच्या ओसरीवर बसून ती म्हणाली, "अगं, काही अवघड नाही. एक वाक्य लिहायचं. माझी देवावरची श्रद्धा याला परवानगी देत नाही. खाली सही. झालं."

"कुठल्या चर्चला विचारलंस?"

"चर्चला कशाला? सरकार चर्चला विचारतच नाही. तुझी श्रद्धा, तुझी सही."

"आमच्यात असं नसतं," गार्नेट म्हणाली.

केंड्रा हसली. "मग कसं असतं? पावती फाडतात?"

गार्नेट हसली नाही. तिच्या चर्चमध्ये पाळकसुद्धा कागदावरून उपदेश करत नाही. त्यांचा पाळक ब्रदर क्लेटिस आयुष्यभर खाणीत छताला टेकू द्यायचं काम केलेला माणूस. देवाने बोलावलं असं तो म्हणाला तेव्हा त्यालाही सगळ्यांपुढे उभं राहून ते सांगावं लागलं, आणि म्हाताऱ्यांनी ते तोलून पाहिलं, मगच त्याला उभं राहू दिलं. देव मला अमुक म्हणाला, हे इथे तोंडाने, सगळ्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचं असतं. न सांगितलेली श्रद्धा म्हणजे नुसता मनातला विचार. तिच्या आईची तीच समजूत, आजीचीही तीच. ज्या कागदाला कुणाची साक्ष लागत नव्हती, त्याच्यासाठी ही बाई साक्ष द्यायला निघाली. शिकलेल्यांना हा मूर्खपणा वाटेल. वाटू दे.

नवऱ्याने, डेंझिलने, फोनवर ऐकलं आणि उसासा टाकला. तो तिकडे पाइपलाइनवर, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. "बाई, सही कर आणि मोकळी हो. देवाला काय कागद वाचायची सवय आहे?"

"तुला नाही, म्हणून देवालाही नसेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ब्रदर क्लेटिसकडे ती संध्याकाळी गेली. तो शेंगा मोडत बसला होता. ऐकून घेतलं, दोनदा खोकला. छातीत कोळसा भरलेला, बोलण्याआधी श्वास गोळा करायचा.

"सिस्टर गार्नेट, आपल्या चर्चमध्ये लशीविरुद्ध काही नाही. बाजूनेही नाही. माझ्या नातवंडांना टोचल्यात."

"मला माहितेय. पण देवाने मला एकटीला सांगितलं असेल तर?"

"तर मी कोण आडवा येणार? शनिवारच्या बैठकीत उभी राहा आणि सांग. तू सांगितलंस तर मी तुझ्या पाठीशी राजधानीपर्यंत जाईन, चालत." त्याने एक शेंग मोडली. "सांगितलं का त्याने?"

"शनिवारी सांगते," गार्नेट म्हणाली.

ती बैठक वर्षातली सगळ्यात जड. दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रभुभोजन आणि पाय धुणं असतं: बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे, कमरेला टॉवेल बांधून, गुडघ्यांवर. म्हणून आदल्या दिवशी पाळक उभा राहून विचारतो, सगळे एकमेकांशी प्रेमात आणि शांतीत आहात ना? मनात गाठ ठेवून दुसऱ्याच्या पायाला हात लावायचा नाही. गेली सहा वर्षं गार्नेट त्या शनिवारी घरीच राहिली होती.

ती आत आली तेव्हा पंखे हलत होते. पुठ्ठ्याच्या हातपंख्यांवर अंत्यविधीवाल्याची जाहिरात. पुढच्या बाकावर वॉनेटाचा पांढरा अंबाडा. टेसी तिच्या मावशीच्या मांडीवर बसली होती.

ब्रदर क्लेटिसने प्रश्न विचारला. मग तो म्हणाला, "सिस्टर गार्नेटला काही सांगायचंय."

ती उठली. वाक्य पाठ होतं. केंड्राचं वाक्य तिने आपल्या भाषेत वळवून घेतलं होतं, बिस्किटांचं पीठ मळताना घोकलं होतं. समोरच्या बाकाची कड तिने धरली.

"देवाने मला," ती म्हणाली आणि थांबली.

चर्चमध्ये कुणी तिला घाई केली नाही. तिथे थांबलेल्या माणसाला थांबू देतात. म्हातारा ब्रदर ऑल्टन डोळे मिटून बसला होता, तोंड किंचित उघडं, जणू देवाचा शब्द त्याच्याही वाट्याला येणार होता.

"देवाने मला काही सांगितलेलं नाही," गार्नेट म्हणाली. "सहा वर्षं विचारतेय. ओढ्याकाठी विचारलं, भट्टीपुढे विचारलं. तो या गोष्टीवर माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही. दुसऱ्या कुणाशी बोलला असेल. मला भीती वाटते, एवढंच आहे. भीतीला मी त्याचं नाव लावणार होते."

ती बसली.

तिला वाटलं होतं कुणीतरी आमेन म्हणेल. निदान कुणी खोकेल. भीती कबूल करणाऱ्याला काय म्हणायचं असतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग ब्रदर ऑल्टनने जुन्या भजनाची एक ओळ भरभर सांगितली, आणि सगळ्यांनी ती ओढत, डोंगरावरून खाली येणाऱ्या धुक्यासारखी हळू गायली. गार्नेटचे ओठ हलले, आवाज आला नाही.

रविवारी ती गेली, ती हट्टाने. वॉनेटा कमरेला टॉवेल बांधून, घमेलं घेऊन, मागच्या बाकापर्यंत आली. सत्तरीची बाई, गुडघे करकरले. गार्नेटने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"अजून नाही, सिस्टर वॉनेटा."

"बरं," वॉनेटा म्हणाली. घमेलं उचलायला तिला वेळ लागला. गार्नेटने हात पुढे केला नाही.

ही बातमी पंपावर तिच्या आधी पोचली होती. केंड्रा गाडीतून उतरलीसुद्धा नाही, काच खाली केली. "तीन शब्द बोलायचे होते, गार्नेट. देव म्हणाला, नको. आता कोर्टात आमच्या वकिलाला विचारतील, तुमच्यातलीच एक म्हणते की हे देवाचं नाही, भीतीचं आहे."

"मी माझं सांगितलं. तुमचं तुम्ही बघा."

"तुझ्या पोराच्या आठवणीला तरी जागायचं."

गार्नेटच्या हातात बिस्किटांचा गरम पत्रा होता. तिने तो खाली ठेवला, आणि केंड्राचं नशीब की खाली ठेवला. "माझ्या पोराचं नाव तुझ्या तोंडात परत आलं तर ती कॉफी तुझ्या डोक्यावर ओतेन. गाडी हलव, मागे गिऱ्हाईक आहे."

गटातल्या बायका त्यानंतर बिस्किटं दुसरीकडून घेऊ लागल्या. चर्चमधल्या बायका घेत होत्या, पण काउंटरवर घुटमळत नव्हत्या. खोट्यासाठी तिला कुणी एकटं पाडलं असतं तर तिने उभा दावा मांडला असता. खऱ्यासाठी एकटं पाडलं, त्यावर भांडायचं कुणाशी?

ऑगस्टात शाळा सुरू झाली. गार्नेटने ना सही केली होती, ना टेसीला लस टोचून घेतली होती. शाळेची पिवळी बस लेस्टरांच्या टपालपेटीपाशी हळू व्हायची, ड्रायव्हर बघायचा, आणि पुढे जायचा. टेसी आधी काही दिवस रस्त्यापर्यंत धावायची, मग ओसरीवरूनच पाहू लागली. गार्नेट दुपारी तिला अक्षरं शिकवायला बसायची, पण पीठ मळलेले खांदे दुखायचे आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज चढायचा.

एकदा ती कपडे वाळत घालत होती. टेसीने मागच्या अंगणात रिकामे डबे ओळीने मांडले होते आणि काठी घेऊन हजेरी घेत होती. शाळेतलं एकही मूल तिला माहीत नव्हतं. नावं कुठून आणणार?

"एमरी लेस्टर," टेसी म्हणाली. मग स्वतःच आवाज बदलून, "हजर."

पुढच्या डब्यापाशी ती अडली. विचार केला. "एमरी लेस्टर," ती पुन्हा म्हणाली. "हजर." सगळ्या डब्यांना तेच नाव.

गार्नेट ओली चादर हातात धरून उभी राहिली. ती रडली नाही. तिने चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले, आणि गाडीची किल्ली घेतली.

आरोग्य केंद्रात वॉनेटाच होती. टेसी विचारत होती की दुखेल का, आणि वॉनेटा म्हणाली, "हो, दुखेल. मांजरीने ओरबाडल्याएवढं." गार्नेटने मुलीचा दंड स्वतः धरला. सुई आत गेली तेव्हा तिने भिंतीकडे पाहिलं नाही, सुईकडेच पाहिलं.

नंतर थोडा वेळ बसायला सांगितलं, तो झाला, जायला सांगितलं. पण गार्नेट गेली नाही. केंद्राच्या आवारात गाडी उभी करून बसली. काही झालं तर दार जवळ असावं. टेसी खोऱ्यातल्या रीतीने शेंगदाणे घातलेला कोला प्यायली, रेडिओ ऐकत मागच्या सीटवर झोपली. गार्नेट तिच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहिली. आवारातल्या गाड्या एकेक करून निघाल्या.

केंद्र बंद झालं. वॉनेटा बाहेर आली, कुलूप लावलं, आणि काचेपाशी येऊन उभी राहिली.

"घरी जा. ती बरी आहे."

"तुम्ही जा."

वॉनेटा गेली नाही. आपल्या जुन्या पिकअपचा मागचा फाळका पाडून त्यावर बसली, पिशवी मांडीवर. मग गार्नेटकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी एमरीला टोचून घरी गेले. रात्री बीन्स आणि मक्याची भाकरी खाल्ली. टीव्ही बघितला. आपल्या हातून काही झालेलं नाही हे मला माहितेय, सिस्टर गार्नेट. कागदपत्रं वाचलीत मी. तरी ती भाकरी अजून घशात आहे."

गार्नेटच्या तोंडावर आलं होतं, मग माझ्या घशात काय आहे ते विचारा. तिने काच वर केली नाही, एवढंच. डोंगराची सावली आवारात उतरली. टेसी उठली आणि भूक लागली म्हणाली, तेव्हा गार्नेटने गाडी सुरू केली.

सोमवारी बस पेटीपाशी थांबली. गार्नेटने पंपावरून सुट्टी मागून घेतली होती. टेसी रडेल, पायाला बिलगेल, अशी तिने तयारी ठेवली होती. तेव्हा खाली बसून काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, तेही ठरवलं होतं. ती भाषणाला घाबरणारी बाई नव्हती, चर्चमध्ये एकदा अडखळली म्हणून काय झालं.

टेसी पायऱ्या चढली, आत एका मुलीने तिला सरकून जागा दिली, आणि तिने मागे वळून पाहिलंच नाही. ड्रायव्हरने दार ओढलं. गार्नेट रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ठरवलेले शब्द तिच्याकडे तसेच होते, आणि ऐकायला तिथे कुणी नव्हतं.