दामूची माफी

आमच्या वाडीत विहीर एक, रहाट एक. आपली पाळी येईपर्यंत बायकांनी करायचं काय? म्हणून किस्से साचतात. पूर्वी ते सासवांचे असत, आता सगळे दामूचे. मी ऐकते, हसतेसुद्धा. पण माझ्या लेकीचं, सुशीचं मनगट सोडत नाही.

*

दामूने अनसूयावहिनींच्या बेबीवर जबरदस्ती केली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. कोर्टाने त्याला सात वर्षं दिली. वहिनींची सासू म्हणाली, “म्हंजे पोरीच्या लग्नाला हजर!”

*

मधे आई आजारी म्हणून तो पॅरोलवर आला. काशीआत्याला ऐकू आलं, पगारावर आला! “जेलात पगारी रजा देतात? आमच्या गणूला गिरणीतनं बापाच्या बाराव्याला सोडला न्हाय!”

रजाभर दामू ओढ्यावर आंघोळी करी आणि बेबी घरात कोंडलेली. कैद नक्की कोणाला झाली होती, ते मला सातवीपर्यंतच्या कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

*

मग पोलीसपाटील सांगत आले, “दामू लवकर सुटतोय. चांगल्या वागणुकीची माफी मिळाली.”

“वागंल न्हाय तर काय!” काशीआत्या म्हणाली. “तिथं पोरी हायत कुठं?”

वहिनींनी हंडा खाली ठेवला. “पाटील, बेबीनं दिली न्हाय, मी दिली न्हाय. मग माफी दिली कोणी?”

“अहो, शिक्षेतल्या सुटीला जेलात माफी म्हणतात. नुसता शब्द आहे.”

“मग दुसरा शब्द न्हाय गावला?”

*

मी ह्यांना म्हटलं, सुशीला माझ्या माहेरी ठेवू या. हे म्हणाले, “उगाच घाबरतेस. शिक्षा भोगली, संपलं.”

त्याच संध्याकाळी ह्यांनी मागच्या दाराला नवी कडी ठोकली.

*

शिमग्याला सगळा गाव देवळापुढे देवाला गाऱ्हाणं घालायला जमला. गाऱ्हाण्यात नाव घेऊन माफी झाली आणि वर ढोल वाजला, की माणूस गावात परत, विहिरीवर परत, अशी आमची रीत. दामू धुतलेला सदरा घालून पुढे उभा. गुरवाने सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, ह्या दामू लेकराकडनं काय चुकलं-माकलं असंल, ता माफ कर!”

“व्हय म्हाराजा!” पुरुष ओरडले.

“न्हाय म्हाराजा!”

बायकांतून बारीक आवाज आला. बेबी उभी होती.

गुरव गोंधळला. “गाऱ्हाण्याला न्हाय म्हणत नसतात गो!” आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडनं...”

“लेकरू मी व्हते!”

ढोलवाल्याने गळ्यातला ढोल उतरवून खाली ठेवला.